पतंग खातो तरी काय? दोन जेवणांवर ठरणारं आयुष्य

रोहिणीतला पहिला वळीव झाला की आमच्या पलूसकडच्या घरात संध्याकाळी सोप्यातली ट्यूब लावायची पंचाईत होते. पाच मिनिटांत भिंत पाखरांनी भरते, ताटात पडतात, चहात पडतात आणि पाली ट्यूबखालून हलत नाहीत. सकाळी आत्ती केरसुणीनं सुपलीभर मेलेली पाखरं गोळा करते. यंदा झाडता झाडता ती थांबली आणि म्हणाली, "आरं, ही दोन दिसात मरत्यात, कुणी काय खाताना बी बगितलं न्हाय, मग मक्यात एवढी अळी घालतंय कोण?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्यात एकाच दमात तीन गोष्टी आल्यात. पतंग खातात का, किती जगतात, आणि खाण्याचा अंडी घालण्याशी काय संबंध. आपल्याकडं शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळी चर्चा अळीची असते, कुठलं औषध, पंपाला किती मिली, कधी मारायचं. त्या अळीच्या आईबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती आई रात्री काय पिते यावर पुढच्या अळ्यांचा आकडा बराचसा ठरतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एवढं पक्कं करू

पतंगाच्या आयुष्यात चार टप्पे असतात, अंडी, अळी, कोष आणि पंखवाला पतंग. अळीचं काम खायचं आणि वाढायचं, पतंगाचं काम जोडीदार शोधायचा, उडायचं, अंडी घालायची. अळीला चावायला मजबूत जबडे असतात, पतंगाला ते नसतात. म्हणजे जनावर एकच पण जेवायची भांडीच बदलतात. अळीच्या ताटात पाला, शेंग, कणीस, आणि पतंगाला फक्त पातळ पदार्थ. पान कुरतडणारा पतंग तुम्हाला कधीच दिसणार नाही. लोकरीच्या कपड्यांना भोकं पडतात तीसुद्धा कसरीच्या अळ्यांनी पाडलेली असतात, उडणाऱ्या कसरीनं नाही.

काही पतंग खरंच काही खात नाहीत

सातारा-सांगलीत ज्यांनी तुती लावून रेशीम केलंय त्यांना हे माहीत असतं. अळी साधारण २५ दिवस पाला खाते आणि त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला ती शेवटच्या अवस्थेत संपवते, त्या दिवसांत शेडमध्ये गेलं की पत्र्यावर बारीक पाऊस पडतोय असा आवाज येत असतो आणि फांद्या आणून टाकणाऱ्याची पाठ मोडून जाते. मग कोष. पण त्या कोषातून जो पांढरा, गुबगुबीत पतंग बाहेर येतो त्याचं तोंड कामाचंच नसतं. तो खात नाही, पीत नाही, नीट उडतही नाही. नर पंख फडफडवत मादीभोवती फिरतो, जोडी लागते, मादी ४०० ते ५०० अंडी घालते आणि आठवडाभरात दोघंही संपतात. अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रात या पतंगांना काही खायला देत नाहीत ते त्यामुळंच, द्यायला गेलं तरी ते खाऊच शकत नाहीत.

कोयना, महाबळेश्वरच्या जंगलात दिसणारा ॲटलास पतंगही असाच. पसरलेले पंख ताटाएवढे, टोकाला सापाच्या तोंडासारखा आकार, बघून वाटतं हा कितीतरी दिवस जगत असेल. पण त्यालाही चालणारं तोंड नाही, आठवडा-दोन आठवड्यांत खेळ संपतो.

म्हणजे आत्तीचं म्हणणं या मंडळींच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. फक्त तिच्या मक्यात अळी घालणारं पाखरू या मंडळींतलं नाही.

पेव आणि रोजची मजुरी

सांगलीशेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं आपल्याकडं सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, भाव आला की काढायची. रेशमाचा पतंग हा नुसत्या पेवावर जगणारा. अळी असताना जे भरलं ते भरलं, आता फक्त काढायचं, नवीन काही येणार नाही. शास्त्रात याला कॅपिटल ब्रीडर म्हणतात, म्हणजे साठवलेल्या भांडवलावर अंडी घालणारा.

दुसऱ्या बाजूला रोज कमावून खाणारे. घाटे अळीचा पतंग, तंबाखूवरची पानं खाणाऱ्या अळीचा पतंग, मक्यातल्या लष्करी अळीचा पतंग, संध्याकाळी फुलासमोर भिरभिरणारा मोठा हॉकमॉथ. हे रात्री मकरंद शोधतात आणि त्यावर उडतात, जगतात, अंडी भरतात. यांना इन्कम ब्रीडर म्हणतात. पण एक लक्षात घ्या, नुसत्या मजुरीवर जगणारा असा पतंग जवळपास नसतोच, यांच्याही पोटात अळीच्या काळातलं थोडं पेव असतंच, फक्त कोणाचं मोठं कोणाचं छोटं. पुढं मी 'पेव' आणि 'मजुरी' एवढेच दोन शब्द वापरतो, इंग्रजी नावं विसरली तरी चालतील.

सोंड उलगडताना बघा

हे एकदा तरी जवळून बघावं असं मला मनापासून वाटतं. मागच्या पावसाळ्यात बांधावरच्या आंब्याच्या बुंध्याला गूळ आणि पिकून काळं पडलेलं केळं कालवून लावलं होतं. अंधार पडल्यावर अर्ध्या तासानं बॅटरीवर लाल जिलेटिन पेपर लावून गेलो. करड्या रंगाचा, नखाएवढा एक पतंग डोकं खाली करून बसलेला. तोंडाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी, ती हळूच सुटली, सरळ झाली, मधे एका ठिकाणी गुडघ्यासारखी वाकली आणि टोक गुळाच्या ओलीवर टेकलं. मग ते टोक चाचपत राहिलं, इथं नको, तिथं नको, आणि एका जागी थांबलं. पंख थरथरायचे बंद झाले. सात-आठ मिनिटं तो हललाच नाही, मी अगदी तोंडाजवळ बॅटरी नेली तरी.

ही सोंड म्हणजे दोन अर्धगोल नळ्या एकमेकीत अडकून झालेली एक नळी. डोक्यातला छोटा पंप ओढतो आणि पातळ रस वर येतो. फुलांच्या मकरंदात मुख्यतः पाणी आणि साखर, प्रथिनांचे घटक अगदी नावाला. फुलं नसतील तर मावा ही रस शोषणारी बारीक कीड पानांवर जो चिकट गोड पदार्थ सोडते तोही या पतंगांना चालतो. आपल्याकडं २००२ साली उसावर पांढरा लोकरी मावा आला तेव्हा पानं आधी चिकट आणि मग काजळीनं काळी झालेली ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलतोय. पतंगाच्या दृष्टीनं ते उघड्यावर सांडलेलं सरबत.

साखर मिळाली की नक्की काय होतं

लॅबमध्ये अशा कीटकांवर हा प्रयोग पुन्हा पुन्हा झालाय आणि त्याची रीत सोपी आहे. एकाच दिवशी कोषातून निघालेल्या माद्या घ्यायच्या, एका गटाला कापसाच्या बोळ्यात नुसतं पाणी, दुसऱ्याला साखरेचं किंवा मधाचं पाणी. मकरंद पिणाऱ्या जातींत साधारण चित्र असं दिसतं की साखरवाल्या माद्या जास्त दिवस जगतात, जास्त रात्री अंडी घालतात आणि एकूण अंडीही जास्त होतात. फरक किती पडतो ते प्रत्येक जातीत वेगळं, पेव मोठं असेल तर फरक कमी, पेव छोटं असेल तर जास्त.

कारण काय? पहिलं म्हणजे उडणं फार महाग आहे. पंख सतत मारायला इंधन लागतं, साखर मिळाली तर ती जळते आणि अंगातली चरबी वाचते, नाही मिळाली तर चरबीला हात घालावा लागतो आणि तीच चरबी अंड्यात जायची असते. पगार वेळेवर झाला तर एफडी मोडावी लागत नाही, तसंच हे. दुसरं म्हणजे घाटे अळी किंवा लष्करी अळीच्या मादीची अंडी कोषातून निघताना तयार नसतात. रेशमाची मादी पोटात तयार अंडी घेऊनच बाहेर येते, पण या माद्यांना आधी दोन-चार दिवस जगायचं असतं, त्या काळात अंड्यात बलक भरत जातो. म्हणून सुरुवातीच्या रात्रींना जेवण मिळालं तर त्याची किंमत जास्त.

लष्करी अळीचंच घ्या. तिचा पतंग सरासरी दहा दिवस जगतो, कधी दोन-तीन आठवडेही. मादी पानावर एका पुंजक्यात १०० ते २०० अंडी घालते आणि आयुष्यात १५०० च्या आसपास. एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी आपल्या सांगली जिल्ह्यात उसावरही दिसली. आत्तीला मी हेच सांगितलं, की ट्यूबखाली जी मेलेली दिसतात ती रात्रभर दिव्याभोवती फिरून दमलेली, वाळलेली, आपण तेवढीच बघतो. जी दिव्याकडं आलीच नाहीत ती पिकात दहा दिवस आरामात जगतात.

अंड्यात उसाची साखर

आता यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. अंड्यात नक्की कुठलं जेवण गेलं, अळीचं की पतंगाचं, हे ओळखायचं कसं? अंडं फोडून तर कळणार नाही.

त्यासाठी वापरली गेली उसाची साखर. झालं असं की कार्बनचे दोन प्रकार असतात, एक हलका आणि एक किंचित जड. ऊस, मका, ज्वारी ही पिकं हवेतून कार्बन घ्यायची एक वेगळी पद्धत वापरतात, त्यामुळं त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण बीट किंवा वेलीच्या पानांपेक्षा थोडं जास्त असतं. चव तीच, गोडी तीच, पण मशीनमध्ये घातलं की उसाची साखर आणि बीटाची साखर वेगळी ओळखू येते. अमेरिकेत डायन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी एका हॉकमॉथच्या अळ्या वेलीच्या पानांवर वाढवल्या, पतंग झाल्यावर काहींना बीटाची तर काहींना उसाची साखर पाजली आणि मग अंड्यांतला कार्बन मोजला. २००० साली हे छापून आलं. अंड्यातला निम्म्याहून जास्त कार्बन पतंगपणी प्यायलेल्या साखरेतून आलेला निघाला. म्हणजे साखर फक्त उडायला जळत नाही, ती थेट पिल्लाच्या अंगात जाते.

पण गोष्ट इथं संपत नाही. २००२ मध्ये त्यांनी अंड्यातली प्रथिनं घटक-घटक सुटी करून बघितली. प्रथिनांचे काही घटक शरीर साखरेपासून स्वतः बनवू शकतं, ते मकरंदातून आले होते. जे घटक शरीराला बनवताच येत नाहीत, बाहेरून खावेच लागतात, ते मात्र सगळे अळीच्या जेवणातून.

हे पुरणासारखं आहे. पुरणाला डाळ लागते आणि गूळ लागतो. गूळ संपला तर दुकानातून रोज आणता येतो, पण डाळ घरातल्या डब्यात जेवढी आहे तेवढीच, बाजारात मिळतच नाही असं समजा. मग गुळाच्या ढेपा आणून ठेवल्या तरी पोळ्या होणार डब्यातल्या डाळीएवढ्याच. आणि डाळ डबाभर आहे पण गूळच नाही, तर डाळ तशीच पडून राहणार. मकरंद म्हणजे गूळ, अळीपणीचा पाला म्हणजे डाळ.

"मग पतंगाला प्रथिनंही मिळाली तर?"

हा प्रश्न मला एका कृषीच्या विद्यार्थ्यानं विचारला होता आणि त्याचं उत्तर निसर्गातच आहे, फक्त ते पतंगांच्या चुलतभावांत, फुलपाखरांत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हेलिकोनियस नावाची फुलपाखरं आहेत, ती मकरंदासोबत परागकणही खातात, सोंडेवर पराग गोळा करून भिजवून त्यातली प्रथिनं शोषून घेतात. त्यांच्या घरात डाळ रोज येते. आणि ती कित्येक महिने जगतात, अंडीही शेवटपर्यंत घालत राहतात.

"कमी खाल्लं की आयुष्य वाढतं म्हणतात ना?"

म्हणतात, आणि माश्यांवर, उंदरांवर तसे प्रयोग झालेतही. पण ते इथं जसंच्या तसं लावता येत नाही. पतंगाची साखर तोडली तर तो निरोगी होत नाही, त्याचं इंधन संपतं आणि तो लवकर मरतो. अळीला उपाशी ठेवलं तर आणखी वाईट, पतंग आकारानंच लहान निघतो, डाळीचा डबा अर्धा, आणि मोठेपणी कितीही मकरंद मिळाला तरी ती तूट पूर्ण भरून येत नाही.

आयुष्य वाढवणारी एक गोष्ट मात्र दिसते, ती म्हणजे अंडी न घालणं. जोडी न लागलेल्या माद्या बहुतेक वेळा जास्त जगतात. अंडी घालणं हे अंगातून काढून देणंच आहे, एकीकडं दिलं की दुसरीकडं कमी पडणार. त्यामुळं एखादी मादी खूप दिवस जगली म्हणजे तिनं भरपूर अंडी घातली असं धरून चालू नका.

नराचं काय?

नराच्या जेवणाकडं लोक बघत नाहीत, पण काही जातींत त्याचं पिणंही अंड्यांच्या कामी येतं. अमेरिकेत ग्लुफिसिया नावाचा एक पतंग आहे, त्याचा नर रात्री डबक्याच्या काठी बसून तासन्‌तास चिखलाचं पाणी पितो, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट, आणि मागून पिचकारीसारखं बाहेर टाकत राहतो. त्याला पाणी नको असतं, त्या पाण्यातलं मीठ हवं असतं. पानांत सोडियम फार कमी, त्यामुळं अळीच्या पेवात मिठाची टंचाई असते. स्मेडली आणि आयस्नर या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं की हे मीठ नर जोडीच्या वेळी मादीला देतो आणि मादी ते अंड्यांत घालते. आपल्याकडं ओढ्याच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांची गर्दी बसलेली दिसते, तिथंही बहुतेक नरच असतात.

शेतात याचा उपयोग काय

कामगंध सापळे बऱ्याच जणांनी लावलेत. तक्रार नेहमीची, सापळा भरलाय तरी अळी आहेच. कारण त्या ल्यूरला, म्हणजे सापळ्यात लावलेल्या आमिषाला, मादीचा वास आहे, म्हणून येतो तो फक्त नर, आणि उरलेले थोडे नरही एकापेक्षा जास्त माद्यांना पुरतात. हा सापळा मुळात कीड आली का, किती आली यावर नजर ठेवायला आहे. मादी येते ती जेवणाच्या वासाला. ऑस्ट्रेलियात कापसाच्या पट्ट्यात हेच ओळखून फुलापानांचा वास, साखर आणि थोडं कीटकनाशक एकत्र करून पिकात ठराविक ओळींवरच मारायची पद्धत काढली, त्याला घाटे अळीचे नर-मादी दोन्ही येतात. मला ही दिशा फार महत्त्वाची वाटते, कारण एक मादी अंडी घालायच्या आधी गेली तर हजारभर अळ्या तिथंच थांबल्या.

आटपाडी-जतकडच्या डाळिंबवाल्यांना तर पतंगाचं जेवण काय असतं ते वेगळं सांगायला नको. फळातला रस शोषणारा पतंग तिथं स्वतःच कीड आहे. त्याची सोंड मऊ नसते, टोकाला करवतीसारखी असते, रात्री येतो, सालीला भोक पाडतो, रस पितो आणि जातो, मग त्या भोकातून फळ सडतं. त्याची अळी डाळिंबावर नसतेच, ती कुंपणावरच्या गुळवेल, वासनवेलीवर वाढते. डाळ कुंपणावर आणि गूळ बागेत. म्हणून नुसती बागेत फवारणी करून हाती फार काही लागत नाही, बागेभोवतीच्या वेली काढा, फळांना पिशव्या घाला असं सांगतात ते यासाठी.

आणि एक उलटा उपयोग. उसाच्या खोडकिडीसाठी आपण जी ट्रायकोकार्डं लावतो, म्हणजे किडीची अंडी मारणाऱ्या बारीक गांधीलमाशीची कार्डं, त्यावरची अंडी एका पतंगाचीच असतात, धान्यातल्या जाळी करणाऱ्या पतंगाची. एका कार्डावर साधारण २० हजार. त्या लॅबमध्ये अळ्यांना ज्वारी-बाजरीची भरड देतात आणि पतंग निघाले की पिंजऱ्यात मधाच्या पाण्याचा बोळा ठेवतात, त्यात व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातलेल्या असतात. हेतू एकच, अंडी जास्त मिळावीत.

"मग बांधावरची फुलं काढून टाकू का?"

नाही, अजिबात नको. हा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून हे ठळक लिहितोय. तोच मकरंद त्या ट्रायकोकार्डातून निघणारी डोळ्यांनाही जेमतेम दिसणारी गांधीलमाशी पिते, आणि तिला गोड मिळालं नाही तर ती दोन-तीन दिवसांत मरते. पतंग लांब उडून दुसऱ्या गावात जेवून येईल, ती बिचारी बांधापलीकडं जाऊ शकत नाही. फुलं काढली तर आधी मित्र मरणार. शिवाय सगळेच पतंग कीड नाहीत, रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या सुवासिक फुलांचं परागीभवन बरंचसं यांच्यावर आहे.

उलट या कामाच्या पतंगांसाठी रात्रभर जळणारा बल्ब बंद करा. नेदरलँडमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये चार जातींच्या पतंगांवर बघितलं, उजेडात ठेवलेले पतंग अंधारातल्यांपेक्षा कमी वेळा जेवायला बसले. म्हणजे दिव्यावर मरतात ते वेगळेच, जे मरत नाहीत तेही उपाशी राहतात. विहिरीवर, शेडवर आपण जे दिवे विनाकारण चालू ठेवतो ते मला यासाठी खटकतात.

एकदा स्वतः बघायचं असेल तर

जुना काळा गूळ पावशेर, जास्त पिकलेली दोन केळी, थोडं पाणी, एकत्र कालवून दोन दिवस झाकून ठेवा, आंबूस वास यायला लागला की झालं. दिवस मावळायच्या आधी झाडाच्या बुंध्यावर छातीएवढ्या उंचीला हातभर पट्टा लावा. मुंग्या आधी येतील, येऊ द्यात. पांढरा उजेड थेट मारू नका, लाल कागद लावा. अमावस्येच्या आसपास, वारं पडलेलं, दमट हवा असेल तर जास्त येतात.

आत्तीला मी परवा घेऊन गेलो. चष्मा पुसून ती अगदी जवळ गेली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आरं ही तर सोंड हाय की, हत्तीवानी." आणि घरी येऊन सोप्यातली ट्यूब तिनं स्वतःच बंद केली.

रिपरिप चालू असेल त्या रात्री मात्र गूळ लावू नका, धुऊन जातो.